दुसऱ्याचा रिपोर्ट

शनि. ८ सप्टेंबर २००७
पहिली फेरी पार. मी आणि बेनी. पुण्याच्या एका कॉलेजची हॅकिंगची स्पर्धा, ही फेरी ऑनलाइन होती. मुद्दाम कच्चा ठेवलेला सर्व्हर, त्यात शिरायचं आणि आत लपवलेली ओळ शोधून आणायची. शिरायची वाट बेनीनं काढली, पुढचं मी. लाइट जायच्या आत उत्तर पाठवलं. आम्ही शिकवतो त्या कॉम्प्युटर क्लासच्या यूपीएसचा काही भरवसा नाही.
टीमचं नाव 'खाजण', खाडीकाठची खारवट जमीन. बेनीचा हट्ट. होळी गावचा माणूस, भाजीवाल्यांच्या घरातला, त्याला खारं पाणी कुठून झिरपतं याचीच काळजी.
क्लासच्या सरांनी बोर्डावर लिहिलं, अभिनंदन मृणाल मॅडम, बेनेडिक्ट सर. पोरांना वाटतंय आम्ही बँका फोडतो.
आई म्हणाली, "म्हणजे चोरीच ना?" अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चोरी नाही ग. कडी नीट लागते का ते बघणं."
अप्पांची साखर पुन्हा वाढलीय. सोमवारी रक्त द्यायला न्यायचं.

बुध. १२ सप्टें.
रक्त दिलं त्या लॅबनं आता वेबसाइट काढलीय. रिपोर्ट घरबसल्या. पावतीवर नंबर आणि पासवर्ड. क्लासमध्ये बसून अप्पांचा उघडला. साखर वाईट. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही.
वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी अप्पांचाच नंबर दिसत होता. सवय. शेवटचा आकडा बदलला आणि एंटर.
कुणा बाईंचा रिपोर्ट. नाव, वय, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, सगळं. पासवर्ड विचारलाच नाही.
बंद केला. मग वाटलं, एकदाच चुकून झालं असेल. पुन्हा एक आकडा. लहान मुलगा, सहा वर्षांचा, कावीळ.
बंद केला. स्पर्धेत असं सापडलं की आपण ओरडतो.

शुक्र. १४ सप्टें.
बेनीला दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. तो म्हणाला, "मालकाला आधी. बाकी कुणाला नाही. भोक बुजेपर्यंत गप्प." आमचा नियमच आहे तो. बाहेर बोललं की दुसरा कुणी आत शिरतो.
एक पानभर लिहिलं. काय दिसलं, कसं दिसलं, काय करायला हवं. तपासताना दोन रिपोर्ट उघडले, लगेच बंद केले, हेही लिहिलं. प्रामाणिकपणे लिहायचं तर तेवढं हवंच.
लॅबच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दिलं. चांगले वागले. चहा. वेबसाइट त्यांच्या भाच्यानं बनवलीय. तो आतून आला, वाचलं, मान हलवली. "होऊन जाईल मॅडम."
उद्या गणपती. आईची गडबड. मला बरं वाटतंय. कुणाच्या तरी उपयोगी पडले.

शनि. २२ सप्टें.
दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट पुन्हा उघडायचा नाही असं ठरवलंय. मग भोक बुजलं की नाही हे बघायचं कसं? आईला म्हटलं, चल, तुझंही रक्त तपासून घेऊ. "मला काय झालंय?" काही नाही, चल.
आज अप्पांच्या पासवर्डनं आत गेले, आईचा नंबर टाकला. आईचा रिपोर्ट समोर. हिमोग्लोबिन कमी.
म्हणजे काहीच केलेलं नाही.

शुक्र. २८ सप्टें.
पुन्हा लॅबमध्ये. आज चहा नाही. उभ्याउभ्याच.
डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला बघायला सांगितलं होतं कुणी?"
म्हटलं, सांगितलं नव्हतं, पण दिसतंय ते.
भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडे एवढे पेशंट आहेत, कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही आकडा बदलायचा. ह्यांच्यासारख्यांनाच येतो."
डॉक्टरांनी माझं ते पान फाइलमधून काढलं. दोन रिपोर्ट उघडले त्या वाक्याखाली लाल रेघ मारलेली. "हे तुम्हीच लिहिलंय. लक्षात ठेवा."
बाहेर बाकावर रक्त द्यायला आलेली माणसं बसली होती. एक बाई मुलाच्या दंडावरची बाही सारत होती. सांगावंसं वाटलं, दुसरीकडे जा. बोलले नाही. भोक बुजेपर्यंत गप्प.
बेनीला सांगितलं. "भाचा आहे, शिकेल," म्हणाला. "अजून एक मेल टाक. स्पर्धा झाली की आपण दोघं जाऊ." आज त्याच्या डोक्यात घरचं लग्न. बहीण सेलीन, नर्स आहे. जानेवारीत लग्न, नवरा मस्कतला, तीही तिकडे नोकरी धरणार. तिकडच्या मेडिकलच्या आधी इथं सगळ्या तपासण्या करून घेतेय म्हणे.

रवि. ७ ऑक्टो.
पुणे. तिसरे आलो. एसटीत बसून लिहितेय, अक्षर असंच येणार.
एवढा आनंद कधी झाला होता आठवत नाही. मोठा हॉल, पोरं सगळी विशीतली, त्यांच्यात आम्ही दोघं मास्तर. शेवटचं कोडं बेनीनं सोडवलं तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.
नंतर एका कंपनीतले गृहस्थ बोलले. चूक सापडली की मालकाला सांगा, त्याला वेळ द्या, जगाला सांगू नका. मी हात वर केला. "मालकाला ऐकायचंच नसेल तर?" ते म्हणाले, फार छान प्रश्न. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बक्षीस समारंभ सुरू झाला.
बेनी शेजारी झोपलाय. ट्रॉफी त्याच्या मांडीवर.

मंगळ. १६ ऑक्टो.
बेनी शनिवारपासून आलेला नाही. फोन उचलत नव्हता. आज स्वतः आला, वर्गात न जाता जिन्यातच उभा राहिला.
सेलीनच्या होणाऱ्या सासरी कुणीतरी पाकीट टाकलं. आत एक प्रिंट. लॅबच्या वेबसाइटवरचा सेलीनचा रिपोर्ट. एचआयव्ही, रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागण असावी.
बेनी सगळं एका सुरात सांगत गेला. ती पहिली चाचणी. तशी कधीकधी खोटी येते. लॅबनंच तिला फोन करून सांगितलं होतं, पक्की चाचणी मुंबईला पाठवतो, घाबरू नका. तिनं फक्त आईला सांगितलं. आठ दिवस दोघींनी तोंडात घास घेतला नाही. परवा मुंबईचं उत्तर आलं. काही नाही. पूर्ण निरोगी आहे ती. पण पाकीट त्याच्या आदल्या दिवशी पोचलं होतं.
"दुसरा रिपोर्ट नेऊन दाखवला?"
"दाखवला. ते म्हणाले, हा तुम्ही बनवून आणला नाही कशावरून? तुझी लाइन तीच आहे ना."
कुणी काढली प्रिंट? माहीत नाही, म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

गुरु. १८ ऑक्टो.
होळीला गेले. न बोलावता. वाडीतनं जाताना बेनीचे बाबा बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या काठाशी बसलेले दिसले, भाजीला पाणी सोडायची वेळ, पण पंप बंद. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही, की ऐकली.
मावशींनी, बेनीच्या आईनं, आत घेतलं. पाणी दिलं. सेलीन आतल्या खोलीत, दार ओढलेलं. चर्चमध्ये लग्नाची नावं वाचून दाखवायचं ठरलं होतं, ते मावशींनी स्वतः जाऊन फादरना थांबवायला सांगितलं. हे सांगताना रडल्या नाहीत. शेंगा निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या.
मग बाबा आले. घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलतात, मला अर्धीच कळते. बाबा बेनीवर चढले, बेनी उलटून काहीतरी म्हणाला. त्यात माझं नाव दोनदा आलं. लॅबचंही.
मी निघाले. कुणी पोचवायला आलं नाही.

रवि. २१ ऑक्टो. दसरा
कळलं काय ते. बाबा लॅबमध्ये भांडायला गेले होते. डॉक्टरांनी माझं पान पुढे केलं. "आमच्याकडे दुसऱ्यांचे रिपोर्ट उघडल्याचं कबूल केलेली एकच व्यक्ती आहे. तुमच्या मुलाबरोबर शिकवते."
बेनीनं फोनवर विचारलं. आवाज कोरा.
"ते दोन रिपोर्ट. त्यात तिचा होता?"
म्हटलं, "बेनी, मी ते बारा सप्टेंबरला उघडले. सेलीननं रक्त दिलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला."
"नंतर उघडला नाहीस कशावरून?"
उत्तर आहे, पण ते लॅबच्या सर्व्हरवर आहे. कोणी, कधी, कुठून काय उघडलं त्याची नोंद तिथं असणार. ती दाखवा म्हणून मी मेल केला. उत्तर नाही.
आपट्याची पानं घेऊन शेजारची मुलं आली. आईनंच दार उघडलं.

गुरु. २५ ऑक्टो.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आधी बराच वेळ लोडशेडिंगच्या नव्या टाइमटेबलबद्दल बोलले. मग, "पालक विचारतायत. थोडे दिवस सुट्टी घ्या मॅडम. वातावरण निवळलं की बघू."
म्हटलं, "सर, तुम्हाला वाटतं मी केलं?"
"मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे."
बोर्डावरचं अभिनंदन अजून पुसलं नव्हतं. मी डस्टर घेतला आणि पुसलं.

मंगळ. ३० ऑक्टो.
राजोडीहून मासळी घेऊन येणारी लीलाबाय. पापलेटाचे कान उघडून दाखवतादाखवता आईला म्हणाली, "त्या होळीच्या पोरीचा कागुद बाहेर आला, तो म्हने तुमच्या पोरीनं काडला?"
आई म्हणाली, "कोण बोललं?"
"कोन म्हनून सांगू. सगलेच बोलतात."
आईनं मासळी घेतली नाही. आत येऊन माझ्यासमोर बसली. "तू हात लावलास कशाला ग? तुझं काय अडलं होतं?"
राजोडीपर्यंत गेलंय म्हणजे आगाशीला, नालासोपाऱ्याला, सगळीकडे. माझ्याबद्दल बोलतात ते ठीक. पण प्रत्येक वेळी तिचा रिपोर्टही पुन्हा उघडला जातो. दुसरा, खरा रिपोर्ट कुणाला ऐकायचाच नाही.

शुक्र. २ नोव्हें.
आज बसून विचार केला तो इथंच लिहून ठेवते.
ज्या वाटेनं दुसऱ्याचा रिपोर्ट दिसतो त्याच वाटेनं आणखी आत जाता येईल असं मला वाटतंय. त्या भाच्यानं एक दार उघडं टाकलंय तर बाकीचीही टाकली असतील. आत नोंद असेल. सेलीनचा रिपोर्ट कुठल्या कनेक्शनवरून उघडला ते कळेल. माझं नाव सुटेल. कोणी केलं तेही सापडेल.
आणि ज्याचा आळ आहे तेच मी खरोखर केलेलं असेल.
घरच्या कॉम्प्युटरवर लॅबचं पान उघडून बसले होते. अप्पा येऊन मागे उभे राहिले. त्यांना स्क्रीनवरचं काही कळत नाही, असं मला वाटत होतं. म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. दुसऱ्याचं पाकीट उन्हात धरलं की आतलं अर्धं वाचता येतं. सगळ्यांना येतं."
इन्सुलिन घ्यायला गेले.
कॉम्प्युटर बंद केला. चांगलं केलं असं काही वाटत नाही. नुसतं रिकामं वाटतंय.

शुक्र. ९ नोव्हें.
लक्ष्मीपूजन. आईनं करंज्या केल्या, कमी. कुणी आलं नाही, आम्ही कुठे गेलो नाही. अप्पांना गोड चालत नाही, मला गेलं नाही. डबा तसाच.

बुध. १४ नोव्हें.
लॅबच्या वकिलाची नोटीस. मी त्यांच्या यंत्रणेत बेकायदा शिरले, पेशंटची माहिती मिळवली, लॅबची बदनामी केली. तीन आठवड्यांत लेखी माफी द्यावी आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी द्यावी, नाहीतर पोलिसात तक्रार.
माफीचा मजकूर त्यांनीच टाइप करून पाठवलाय. खाली सहीपुरती जागा.
आई म्हणते, "गप सही कर आणि मोकळी हो." अप्पा म्हणतात, तिचं ती ठरवेल. मग आई त्यांच्यावर रागावली, तुम्हीच लाडावून ठेवलीत. त्यांच्या खोलीतून बराच वेळ आवाज येत होते. माझ्यामुळे ही दोघं भांडतात, या वयात.
आईचा नंबर टाकून पाहिला. अजून उघडतो. आता दोन महिने होऊन गेले. नोटीस द्यायला वेळ आहे, ते एक भोक बुजवायला नाही.

मंगळ. २० नोव्हें.
आगाशीच्या बस स्टॉपवर बेनी. मी मंडईतून येत होते, तो दूध सोसायटीच्या बाजूनं. चुकवता आलं नाही. दोघंही उभे राहिलो.
बस आली, गेली.
मग म्हणाला, "तू नाही उघडलास. मला माहीत आहे."
मी मंडईची पिशवी खाली ठेवली.
"त्याचा राग नाहीच आहे मला. तुला माहीत होतं त्या लॅबचं. मलाही माहीत होतं. सेलीन निघाली त्या दिवशी मीच तिला बाइकवरून सोडलं तिथं. गेटवर सोडलं. सांगितलं नाही की इथं नको. आपला नियम. भोक बुजेपर्यंत गप्प."
म्हटलं, "मीही बाकावरच्या माणसांना सांगितलं नाही."
"ती माणसं तुझी कोणी नव्हती."
पुढच्या बसमध्ये चढला. पायरीवरून म्हणाला, "तिनं विचारलं मला परवा. दादा, तुला माहीत होतं? हो म्हटलं. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."
मी तिथंच बसून राहिले. पिशवीतली मेथी सुकून गेली.
स्पर्धेतल्या त्या गृहस्थांनी सांगितलेलं सगळं आम्ही केलं. मालकाला सांगितलं, वेळ दिला, जगाला सांगितलं नाही. सगळं बरोबर केलं.

शनि. २४ नोव्हें.
काही नाही. पडून होते. आईनं दोनदा चहा आणून ठेवला. माफीचा कागद टेबलावर, पेन त्याच्यावर. तेही आईनंच ठेवलं.

मंगळ. २७ नोव्हें.
दुपारी बेल. सेलीन. ड्युटीवरून थेट, पिशवीत पांढरा गणवेश दुमडलेला. किती वाळलीय.
आईला काय करावं कळेना. पाणी दिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.
सेलीन बसली नाही. म्हणाली, "मला पोलिसात तक्रार द्यायचीय. लॅबविरुद्ध. तुम्ही बरोबर याल?"
मी म्हटलं, तू नाव दिलंस तर सगळं कागदावर येईल. पुन्हा.
"यायचं काय राहिलंय?"
हॉस्पिटलात तिची बदली झालीय, वॉर्डातून स्टोअरमध्ये. खरा रिपोर्ट दाखवूनसुद्धा. मेट्रन म्हणाली, तुझ्याच भल्यासाठी.
मला काहीतरी बोलायचं होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवून आलीस, असं काहीसं मी सुरू केलं. तिनं मध्येच थांबवलं.
"विश्वास ठेवून नाही आले. तुम्ही केलं की नाही मला माहीत नाही. दादा म्हणतो नाही. पण ते कसं उघडतं हे पोलिसांना सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही. म्हणून आले."
ठीक आहे, म्हटलं. परवा जाऊ.
ती गेल्यावर आई म्हणाली, "तिनं ग्लासला तोंड नाही लावलं बघ. वरूनच प्यायली." मग स्वतःच म्हणाली, "सवय लागली असेल बिचारीला."

गुरु. २९ नोव्हें.
सगळं लिहायला हवं. हात चालत नाही.
पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, "सायबरवाले ठाणे शहरात. मला यातलं कळत नाही. करून दाखवा." त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, नेट नाही. मग समोरच्या सायबर कॅफेत. साहेब, एक हवालदार, आम्ही दोघी.
मनात एकच. उघडू दे. आता, नेमकं आज, त्यांनी भोक बुजवलं असेल तर आम्ही खोट्या ठरू. गेले अडीच महिने मी ते बंद व्हावं म्हणून झटतेय आणि आज मनातल्या मनात ते उघडं मागतेय.
अप्पांच्या पासवर्डनं आत गेले. साहेब म्हणाले, "हां, आता कुणाचातरी उघडा."
म्हटलं, "कुणाचातरी नाही उघडणार. त्याचीच नोटीस आलीय मला. आईचा उघडते."
"आई तुमच्याच घरातली. तिचा पासवर्ड तुमच्याकडे असणारच. उद्या तो वकील मला हेच विचारेल."
सेलीन माझ्या खुर्चीमागे उभी होती. म्हणाली, "माझा टाका." पर्समधून पावती काढली आणि नंबर वाचला. मी तिच्याकडे वळून पाहिलं. "टाका ना."
टाकला. एंटर.
उघडलं. नाव, वय, पत्ता. रिअॅक्टिव्ह, ठळक अक्षरांत. पहिलाच रिपोर्ट. मुंबईचा दुसरा त्यांनी वर चढवलेलाच नाही. दीड महिना झाला, अजून ती वेबसाइटवर आजारीच आहे.
साहेब वाचत होते. हवालदार वाकून वाचत होता. कॅफेवाला काउंटर सोडून मागे येऊन उभा राहिलेला, तोही वाचत होता. पान बंद करायचं मला सुचलंच नाही.
साहेबांनी सेलीनकडे बघितलं. हळू विचारलं, "हे खरं आहे का?"
ती म्हणाली, "साहेब, खरं आहे का ते विचारू नका. हे तुम्हाला दिसलं कसं, ते विचारा."
मग मी पान बंद केलं.
बाहेर साहेब म्हणाले, "सोमवारी या. लिहून घेतो." हवालदार आमच्यापासून दोन हात अंतर ठेवून चालत होता. आधी, येताना, ठेवलं नव्हतं.

शनि. १ डिसें.
मनात सारखं येतं, त्या कॅफेत मी काय केलं? सेलीनचा रिपोर्ट उघडून तीन परक्या माणसांना दाखवला. आजपर्यंत नुसता आळ होता.
बेनीचा फोन. एवढंच म्हणाला, "तिनं मला सांगितलं कॅफेतलं." मागे चर्चची घंटा ऐकू येत होती. "ठेवतो," म्हणाला.

सोम. ३ डिसें.
साहेब बंदोबस्ताला गेलेले. हवालदार होता, गुरुवारचाच.
"तुम्ही लिहून ठेवा. साहेब आले की बघतील."
कागद दिला. सेलीननं पेन मागितलं. त्यानं खिशातलं काढलं, तिच्या हाताजवळ नेलं, मग टेबलावर ठेवलं आणि सरकवलं. तिनं पाहिलं. पेन उचललं.
मी मजकूर सांगत होते, ती लिहीत होती. अक्षर फार सुरेख आहे तिचं. एकदा थांबली. "आजाराचं नाव लिहावं लागेल?" म्हटलं, लागेल बहुतेक. तिनं लिहिलं. खाली, मुंबईच्या तपासणीत निरोगी, हेही लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.
हवालदारानं कागद घेतला. शिक्का साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांकडे. "पोच उद्या न्या."
माझ्या नोटिशीची मुदत परवा संपते. सही केलेली नाही. करणार नाही असंही धड सांगता येत नाही. आई रोज त्या कागदावरची धूळ पुसते.
ठाण्याच्या पायरीवर सेलीन पेन बघत उभी होती. त्याचं पेन तिच्याच हातात राहिलं होतं. परत द्यायला वळली, मग वळली नाही.
"तो घेणार नाही," म्हणाली.
पर्समध्ये टाकलं. चालायला लागलो. स्टँड आला. मग ती म्हणाली, "उद्या मला डबल ड्युटी आहे. परवा येऊ पोच घ्यायला?"
परवा, म्हटलं.